भिंतीतले ठोके

मंगळवार, ४

शेजारचे मापनिरीक्षक माझ्याविरुद्ध नोंदवही ठेवत आहेत, असं आज खात्रीलायक कळलं. कुंपणापाशी मला म्हणाले, "मास्तर, काल तुमचं ते यंत्र तीन वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं आणि पाचला सात कमी असताना थांबलं." दुसऱ्याची मिनिटं तोंडपाठ असणारा माणूस वही ठेवत असणारच. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं समजावं, हे मी पंचवीस वर्षं वर्गात शिकवत आलो आहे. तेव्हा आजपासून माझीही वही. पुराव्याला पुरावा.

उद्या ही वही कुणा तिऱ्हाइताच्या हाती पडली तर त्याला कळावं म्हणून स्थळवर्णन. आमचं घर ओळीतलं. मागची खोली माझ्या सुतारकामाची. तिची डावी भिंत मापनिरीक्षकांच्या बैठकीला लागून, उजवी आप्पांच्या खोलीला. आप्पा म्हणजे माझे वडील. पन्नास वर्षं सुतारकी केली, तिचा भुसा आता छातीत बसला आहे. मला त्यांनी कारखान्याच्या उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिलं नाही. "माझ्या छातीत वखार भरलीय, तुझ्या छातीत व्याकरण भर," म्हणाले, आणि संस्कृत शिकायला पाठवलं. गेल्या वर्षी पन्नाशीला मी मागच्या खोलीत बाक मांडला, तेव्हा ते दारात येऊन एवढंच बोलले, "मी इथे पाऊल टाकणार नाही. लाकडाबद्दल तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही." शब्दाला जागणारा माणूस. दोन्ही पाळलं.

आप्पांच्या भिंतीपलीकडे भुसा उडवायचा तर हवा गाळून घेतली पाहिजे, म्हणून हा डबा. पत्र्याची पेटी, आत पंखा, तोंडाला जाळ्या. डाव्या भिंतीपासून उजव्या भिंतीपर्यंत लोखंडी दांडा टाकून त्याला टांगला आहे. खोलीतली धूळ ओढतो, स्वच्छ हवा सोडतो आणि भुंगा मडक्यात अडकावा तसा घुमतो. मी त्याचं नाव 'वायुशोधक' ठेवलं. ही, म्हणजे माझी बायको, त्याला डबाच म्हणते.

हिची अट लिहून ठेवतो, कारण तीच फिर्यादी आणि तीच न्यायाधीश. "आप्पांची झोपमोड झाली, किंवा एक खोकला जास्त आला, तर त्या खोलीला कुलूप. माझ्या हातानं लावीन."

आणि कुलूप लागून चालणार नाही. मी खुर्ची करतो आहे. थंडी सुरू झाली की आप्पांना आडवं झोपवत नाही. गेला हिवाळा त्यांनी पलंगावर उशांच्या ढिगाला टेकून काढला, ढीग घसरला की दम लागायचा. दुकानातल्या खुर्च्या त्यांच्या लांब पाठीला पुरत नाहीत. ही खुर्ची बसून झोपायची आहे: उंच पाठ, रुंद हात, बैठक किंचित मागे उतरती. थंडी पडायच्या आत व्हायला हवी. घरात सांगितलं आहे की पुस्तकांचं कपाट चाललंय.

गुरुवार, ६

पहिला ठोका.

डबा पूर्ण वेगात, कानांवर जाड कानबंद, हातात रंधा. तरी ऐकू आला: ठक. डावीकडच्या खिळ्यांना टांगलेल्या पटाश्या एकमेकींना लागून किणकिणल्या. डावीकडे कोण राहतं हे सांगायला ऋषी नको.

उजव्या भिंतीला मी फळ्यांची चळत लावली आहे, आणि पलीकडे ज्यांना पाण्याचा पेला उचलतानाही धाप लागते ते आप्पा. तेव्हा तो पक्ष बाद.

मापनिरीक्षक चाळीस वर्षं दुकानांतली वजनं तपासून निवृत्त झाले. मापात पाप शोधायची सवय हाडात भिनलेली. आता तराजू काढून घेतलेत म्हणून माझा आवाज तोलतात.

रविवार, ९

पंखेवाल्याला बोलावलं. दांड्याला बोट लावून म्हणाला, "मास्तर, पंखा ओरडत नाही, भिंत ओरडते. लोखंड दोन्हीकडं भिंतीला भिडलंय. तुम्ही घराचं वाजंत्र केलंय."

दांडा काढला. डबा छताला चार साखळ्यांनी टांगला आणि प्रत्येक साखळीच्या वर जाड काळ्या रबराची चकती घातली. उरलेला रबराचा तुकडा त्याने कोपऱ्यात टाकला. म्हणाला, "ठेवा, कामाला येईल."

आवाज निम्मा झाला. मी मनातल्या मनात मापनिरीक्षकांना नमस्कार केला: घ्या, शेजारधर्म.

सोमवार, १०

शेजारधर्माचं फळ: आज चार ठोके. एकेक करून, रंधा चालू असताना.

माणसाची जात अशी. आपण एक पाऊल मागे घेतलं की समोरचा दोन पावलं पुढे येतो.

हिला सांगितलेलं नाही. तिने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय हो, काही ठोकताय का?" मी म्हटलं, "कपाट." खोटं नाही, कपाटच खोटं आहे.

जेवताना आप्पा माझ्या हातांकडे बघत होते. अंगठ्याचं साल गेलं होतं, ते मी ताटाखाली लपवलं. त्यांनी आणखी एक पोळी मागून घेतली. महिन्यात प्रथमच.

गुरुवार, १३

पंखेवाला पुन्हा. डब्याला आता घुमणं कमी पण शीळ फार. म्हणाला, "तोंड लहान, हवा जास्त. शीळ घालताना तुम्ही ओठ आवळता का नाही? तसंच. तोंड मोठं करा." डब्याच्या एका बाजूला जाळी होती, तिथे तीन बाजूंना जाळ्या बसवल्या. हवा संथ झाली, शीळ गेली, आणि धूळ पूर्वीपेक्षा जास्त सापडते.

दुपारी सात ठोके. पैकी दोनदा जोडठोके: ठक-ठक.

मी आता तक्ता आखला आहे. वेळ, चालू काम, ठोक्यांची संख्या. अनुमानाला दाखले लागतात. आजपर्यंतचे दाखले असे: डबा नुसता घुमत असताना ठोका येत नाही. पॉलिश पेपर घासताना येत नाही. रंध्याला येतो, करवतीला क्वचित येतो. म्हणजे या गृहस्थांना यंत्राचा राग नाहीच. राग आहे तो माझ्या हातांचा. घरघर चालते, पण मास्तरने रंधा मारलेला खपत नाही.

हा शुद्ध जातीचा मत्सर आहे.

सोमवार, १७

आज कडेलोट झाला.

खुर्चीचा मागचा पाय कापत होतो. हे पाय सरळ नसतात, वर पाठीला जाताना मागे झुकतात, म्हणून विजेच्या करवतीवर फळी हळूहळू वळवत न्यावी लागते. अर्धं कापून झालं आणि तीन ठोके आले. सलग, जोरात, बुक्क्यांसारखे. ठक ठक ठक!

करवत बंद केली, कानबंद आपटले आणि तावातावाने शेजारी गेलो. घंटा वाजवली. मापनिरीक्षक टॉवेल गुंडाळून आले, डोक्यावर साबणाचा फेस.

"काय मास्तर?"

"आपण आत्ता काय करत होता?"

"अंघोळ. तुम्ही काय समजलात?"

फेस खरा होता. पण फेस करायला किती वेळ लागतो?

परत येऊन पाहिलं, तर फळी धरून ठेवणारा शिकंजा सुटला होता. फळी मोकळी, नुसती थरथरत होती. आणखी वीतभर कापलं असतं तर ती उडून माझा हात पात्यावर गेला असता. मापनिरीक्षकांनी भिंत इतक्या जोराने बडवली की माझा शिकंजा ढिला झाला! हे आता नुसतं चोंबडेपण राहिलं नाही, हा जिवावरचा खेळ आहे. तक्त्यात लाल शाईने लिहिलं.

काम बंद केलं. आप्पांच्या खोलीत डोकावलो. ते पलंगावर बसून घामाघूम, छाती भात्यासारखी हलत होती. म्हटलं, "काय झालं आप्पा? आवाजानं दचकलात?" त्यांनी माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं, बोटं मोजल्यासारखं. मग मान फिरवून म्हणाले, "पाणी दे."

त्यांना घाबरवल्याचा हिशोबही मापनिरीक्षकांच्याच नावावर.

शुक्रवार, २१

शेवटचा उपाय. डब्यातून हवा बाहेर पडते त्या तोंडाला लाकडी खोका जोडला. आत जाड फोम, आणि मधे आडव्या फळ्या घालून वाट नागमोडी केली. पंखेवाल्याचं तत्त्व: हवा वळते, आवाज वळत नाही, प्रत्येक वळणावर थोडा थोडा फोमात मरतो. मी म्हटलं, "म्हणजे सरळमार्गी माणसासारखं." तो म्हणाला, "मला माणसांचं माहीत नाही, मी पंखेवाला."

आता डबा चालू आहे की नाही हे बघायला त्याच्यासमोर चिंधी धरावी लागते. कानबंद फक्त करवतीला. इतर वेळी खोलीत रंध्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, सर्र करून. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो आवाज चांगला आहे.

ठोके: अकरा.

मी जितका शांत होतो तितके हे वाढतात. याला न्यायशास्त्रात नाव असेल. मला आठवत नाही, इतका संताप आला आहे.

बुधवार, २६

घरात काहीतरी शिजतं आहे.

एक: आप्पांनी पलंग सरकवून घेतला. पूर्वी खिडकीशी होता, आता माझ्या भिंतीशी. कारण सांगितलं, "उजेड बरा येतो." खिडकी समोरच्या भिंतीत आहे.

दोन: ही केरसुणी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "आप्पांच्या उशापाशी रोज चिमूटभर प्लास्टर पडतंय. भिंत खिळखिळी झालीय. तुमच्या कपाटापायी घर पडणार."

"डावीकडून ठोकतात त्याचे हादरे उजवीकडे जातात," माझ्या तोंडून गेलं.

"कोण ठोकतं?"

झालं. सगळं सांगावं लागलं. तिने कमरेवर हात ठेवून ऐकलं. "म्हणजे महिनाभर शेजारी भिंत बडवतायत, आणि तुम्ही वहीत लिहीत बसलाय? आप्पांना त्रास होत नसेल?"

"आप्पा काही बोलले का?"

"ते कधी बोलतात? परवा दुपारी औषध द्यायला गेले तर भिंतीला हात लावून बसले होते. आजारी माणूस भिंतीला टेकतो तो काय हौसेनं?" तिने मला मुदत दिली. रविवारपर्यंत शेजाऱ्यांशी सोक्षमोक्ष, नाहीतर कुलूप.

तीन: आप्पांच्या काठीच्या टोकाचं रबर झिजून लाकूड उघडं पडलंय. तेही हिनेच दाखवलं, "फरशीवर घसरतील." संडासापर्यंतच्या दहा पावलांत रबर झिजतं? हल्लीचा माल बघा.

शनिवार, २९

मापनिरीक्षकांना खोलीत बोलावलं. ते आपली वही घेऊन आले. मी माझी उघडली. दोन्ही वह्या बाकावर शेजारी शेजारी, दोन वकील समोरासमोर.

"मास्तर, आधी मी बोलतो," ते म्हणाले. "यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. वीस तारखेनंतर तर ते माझ्या मापात येतच नाही. पण तुम्ही माझी भिंत का ठोकता?"

"मी?"

"सतरा तारीख, चार वाजून बावीस. तीन ठोके. मी अंघोळीला. एकवीस तारीख, अकरा ठोके. हे बघा, शाईनं आहे."

मी माझा तक्ता पुढे केला. सतरा तारीख, चार-बावीस, तीन. एकवीस, अकरा. ओळीला ओळ जुळत गेली. दोघांची वही एकच. फक्त आरोपी वेगळे.

"म्हणजे तुम्ही ठोकत नाही?" मी विचारलं.

"अहो, संधिवात आहे मला. दाराची कडी उघडत नाही."

"मग प्रयोग करू. तुम्ही इथेच बसा. मी काम करतो."

ते माझ्या स्टुलावर बसले, हात मांडीवर, मला दिसतील असे. मी रंधा घेतला. पाचसहा हात सरळ गेले. मग फळीच्या गाठीपाशी रंधा अडखळला, खरखरला.

ठक.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यांचे हात मांडीवरच होते.

"घूस असेल," ते हळूच म्हणाले.

"रंधा बघून ठोकणारी घूस?"

"मग पाण्याचा नळ."

"नळाला गाठ कळते?"

ते जाताना खूप वेळ माझ्याकडे संशयाने बघत होते. मी त्यांच्याकडे. ज्याच्यावर महिनाभर मेहनत घेतली तो आरोपी हातचा गेला की माणसाला चुकल्याचुकल्यासारखं होतं. दोन शक्यता उरतात: ते दुसऱ्याकडून ठोकवून घेतात, किंवा ही मला खोली बंद करायला लावण्यासाठी काही करते आहे. तिने मुदत चार दिवसांनी वाढवून दिली. एवढी दया का? नोंद केली.

बुधवार, ३

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

वखारवाला अक्रोडाच्या दोन फळ्या घेऊन स्वतः आला. खुर्चीच्या पाठीसाठी. पंचावन्नचा गडी, आता मोठी वखार आहे, पण तरुणपणी आठ वर्षं आप्पांच्या हाताखाली होता. खोली बघून म्हणाला, "मास्तर, हवा काय स्वच्छ ठेवलीय. आमच्या वेळी असतं तर मिस्त्रींची छाती वाचली असती." मग फळी शिकंज्यात अडकवली. "अक्रोड लबाड असतो. याची नस, आतली रेघ, मधेच उलटते. बघा." आणि माझा रंधा घेऊन चालवायला लागला.

तिसऱ्या हाताला रंधा खरखरला.

ठक.

वखारवाल्याने रंधा जागच्या जागी उचलला. दोन्ही हातांत, हवेत. पाठ ताठ. आणि दाराकडे न बघता, सोळा वर्षांच्या पोराच्या आवाजात म्हणाला, "हो मिस्त्री! नस उलटी आली, फिरवतो!"

त्याने फळी उलटी फिरवून पुन्हा अडकवली आणि मग त्याचं त्यालाच उमजलं. रंधा खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला.

"मास्तर, हे काय होतं?"

"तू सांग."

"मिस्त्री आमच्याशी बोलत नसत कारखान्यात. तेव्हाही खोकला होता. लांब बाकावर आपलं काम करायचे, आणि आमचं चुकलं की हातोड्यानं बाकावर ठोका. बघत पण नव्हते. आवाजावरून कळायचं त्यांना. एक ठोका म्हणजे थांब, नस उलटी आहे. दोन म्हणजे पातं बोथट, धार लाव."

"आणि तीन?"

"तीन म्हणजे हात काढ." त्याने डावा पंजा वर केला. करंगळी अर्धी आहे. "एकदा मी ऐकलं नव्हतं."

मी तक्ता काढला. सतरा तारीख, चार-बावीस, लाल शाई. ठोके: तीन.

वखारवाला आप्पांना भेटायला निघाला, तसा मी त्याला दारात अडवलं. "यातलं काही बोलू नकोस. त्यांनी शब्द दिलाय, लाकडाबद्दल बोलणार नाही म्हणून."

तो हसला. "मग बोलले कुठे?"

उजवा पक्ष मी पहिल्याच दिवशी बाद केला होता. उजवीकडचा ठोका लोखंडी दांड्यातून डावीकडच्या पटाश्यांपर्यंत पोचला, एवढंही सुचलं नाही. पंचवीस वर्षं तर्क शिकवल्याचा हा निकाल. मी डबा शांत करत होतो, तसतसे आप्पांना माझे हात जास्त ऐकू येत होते, एवढंच. हिच्यावर संशय घेतल्याची ओळ खोडावी का? नको, राहू दे. पुरावा आहे.

शनिवार, ६

हिला सांगितलं. ती धप्पकन खुर्चीवर बसली. "आणि मी रोज प्लास्टर झाडतेय!" मग कुलपाची किल्ली फडताळात टाकली. आप्पांना आम्हाला कळल्याचं कळू द्यायचं नाही, असं ठरलं. कळलं तर ठोकायचे बंद होतील. त्यांचा अभिमान मला ठाऊक आहे.

आज नऊ ठोके. एकाला थांबलो, दोनला पातं काढून दगडावर धार लावली. पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. समाधानाचा असावा. की दम? त्यांच्या खोकल्याबद्दलही मी आता संशयी झालो आहे. थंडी दारात आली आहे.

गुरुवार, ११

सोमवारपासून एकही ठोका नाही.

सोमवारी वाटलं, मी शिकलो. मंगळवारी मुद्दाम गाठीवरून रंधा नेला नाही, पण दोनदा चुकलं हे माझं मला कळलं, भिंत गप्प. काल आप्पांनी अर्ध्याहून जास्त ताट ठेवलं. काही विचारलं तर मान हलवली. डोळ्यांत राग होता. माझ्यावर? त्यांना कळलं का, मला कळल्याचं? वखारवाला बोलला का? मापनिरीक्षक?

आज दुपारी ही बाजारात गेली होती. खुर्ची जुळली आहे, पाठीची मधली फळी तेवढी राहिली, अक्रोडाची. डबा चालू, खोलीत आवाज असा नाहीच. मी रंधा थांबवून ऐकलं. पलीकडे काही नाही. खोकला नाही, पलंगाची करकर नाही. रोज या वेळी काहीतरी असतं.

उठून चार पावलं चालून त्यांचं दार उघडायचं होतं, बस्स. ते मला जमलं नाही. दार उघडलं की आत जे असेल ते असणार. तोवर काहीही असू शकतं. पन्नाशीच्या माणसाने हे लिहायला लाजलं पाहिजे, पण वही खरी ठेवायची ठरली आहे.

मग मी फळी फिरवली. नस उलटी येईल अशी, आणि रंधा मारला. दात खाल्ल्यासारखा आवाज आला, लाकडाचे तुकडे उपटून निघाले. थांबलो. काही नाही.

पुन्हा मारला. आणखी जोराने.

काही नाही.

तिसऱ्यांदा रंधा टेकवला होता, हात पुढे जात नव्हता. आणि भिंतीतून आवाज आला. घोगरा, अर्धा श्वास गेलेला.

"मुद्दाम करू नकोस रे!"

आणि मग खोकला. लांब, ओला, जिवंत खोकला.

मी दार उघडलं ते कसं, आठवत नाही. आप्पा पलंगावर भिंतीला टेकून बसले होते, काठी उलटी धरलेली, तोंड लाल. तिच्या टोकाला काळ्या रबराचा जाडजूड बूट, सुतळीने घट्ट बांधलेला. माझ्याच कोपऱ्यातलं उरलेलं रबर. सोमवारी ही म्हणाली होती, "तो तुकडा घेते हं एका कामाला," आणि मी कामात 'हूं' म्हटलं होतं. आप्पा काठीने ठोकतात हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"तीन दिवस," आप्पा धापा टाकत म्हणाले, "तीन दिवस बडवतोय भिंत. तुझ्या बायकोनं... काठीला बूट घातला."

"काढून टाकायला सांगायचं ना, आप्पा."

"काय सांगू? घसरायचा नाही म्हणून बांधलाय पोरीनं. आणि 'कशाला काढू?' म्हणून तिनं विचारलं असतं तर?" श्वास घ्यायला थांबले. "शब्द मोडला तुझ्यामुळं. उलटा रंधा. सरळ कळतं ते. चुकून होणारा आवाज वेगळा असतो."

"मला वाटलं, तुम्ही..."

"मेलो?"

मी त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"पाठीची फळी होती ना ती?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कपाटाला वाकडे पाय असतात होय?" त्यांनी काठी माझ्या मांडीवर टाकली. "आधी हे काढ."

पटाशी आणून सुतळी कापली. रबर निघालं तसं त्यांनी काठी हिसकून घेतली आणि भिंतीवर एकदा मारून पाहिली. ठक. प्लास्टरचा कपचा उशीवर पडला.

"फळी खराब झाली आप्पा. उद्या दुसरी मागवतो."

"काही मागवू नकोस. हीच लाव."

"ओरबाडलीय. पाठीला टोचेल."

"घासून घे. सगळी नको घासूस." डोळे मिटून टेकले. "थोडी राहू दे. कुणी केली ते पाठीला कळलं पाहिजे."

रविवार, १४

खुर्ची आप्पांच्या खोलीत गेली. मापनिरीक्षकांनी एक बाजू उचलली, संधिवातासकट. बसून, उठून, हात टेकून पाहिलं आणि "पातळीत आहे" असा निर्णय दिला. हिने विचारलं, "खिडकीशी ठेवू?" आप्पांनी काठीने भिंत दाखवली.

बसले. पाठ टेकवली. एक हात मागे नेऊन मधल्या फळीवर अंगठा फिरवला, खरखरीत भागापाशी थांबला. मग अंगठा तिथेच ठेवून झोपले, बसल्या बसल्या. दम न लागता दीड तास. मापनिरीक्षकांनी वेळ लावली होती.

सोमवार, १५

दुपारी दोन ठोके.

रंधा खाली ठेवला. पातं काढलं, दगडावर पाणी घातलं.